अर्थघटक विश्लेषण

शब्दाचा अर्थ अखंड नसून तो अधिक मूलभूत अशा घटकांनी बनलेला असतो, असे मानून एकाच अर्थक्षेत्रातील (उदा., नात्यांच्या) शब्दांची परस्परांशी तुलना करून ते घटक शोधण्याच्या भाषाविज्ञानातील पद्धतीस अर्थघटक विश्लेषण म्हणतात. या पद्धतीमागे स्वनविचाराची, म्हणजे भाषेतील ध्वनिव्यवस्थेच्या अभ्यासाची, प्रेरणा आहे. प्राग संप्रदायातील भाषावैज्ञानिक त्रुबेत्स्कॉय आणि याकबसन यांनी स्वनिमांची, म्हणजे अर्थभेद करणाऱ्या ध्वनिघटकांची, फोड घोषत्व (उच्चारताना स्वरतंतूंचे कंपन), नासिक्यत्व (हवा नाकातून जाणे) अशा व्यवच्छेदक लक्षणांत केली होती. ‘प’ आणि ‘ब’ केवळ घोषत्वाने वेगळे ठरतात, तसेच काही शब्दार्थांचेही असावे, असा हा विचार होता. अमेरिकेत वॉर्ड गुडइनफ व फ्लॉइड लाउन्सबरी या मानवशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये नातेवाचक शब्दांना ही पद्धत लावली. १९६३ मध्ये कॅट्झ व फोडर यांनी ती चॉम्स्की यांच्या रचनांतरणवादी व्याकरणाशी जोडली.

पद्धतीचे बळ नातेवाचक शब्दांतच सर्वांत स्पष्ट दिसते आणि मराठी त्याचे उत्तम उदाहरण आहे. काका, आत्या, मामा व मावशी हे चार शब्द आईवडिलांच्या भावंडांसाठी आहेत. लिंग (पुरुष की स्त्री) आणि बाजू (वडिलांची की आईची) या दोनच घटकांनी चौघांची फोड पूर्ण होते. दीर, नणंद आणि जाऊ या शब्दांत आणखी एक घटक येतो, तो म्हणजे ज्या व्यक्तीपासून नाते मोजायचे ती व्यक्ती स्त्री असणे, कारण पुरुषाला दीर नसतो.

मात्र प्रत्यक्ष वापर या चौकटीत सदैव मावत नाही. मावशीच्या यजमानांनाही अनेक घरांत काकाच म्हणतात, अनोळखी वडीलधाऱ्या माणसालाही तीच हाक मारतात. मग ‘वडिलांचा भाऊ’ हा घटक अर्थाचा अनिवार्य भाग मानावा की काका हा शब्द अनेकार्थी समजावा, हा प्रश्न उरतो. क्रियापदांतही हीच अडचण येते. ‘मारणे’ची फोड ‘मरायला लावणे’ अशी करावी, तर ‘त्याने मुलाला मारले’ या वाक्यात मुलगा मरतोच असे नाही. ‘लाल’ किंवा ‘घोडा’ यांचे सामान्य घटक, म्हणजे रंग असणे वा प्राणी असणे, सांगून झाल्यावरही त्या शब्दाचे वेगळेपण बाहेरच राहते. मानसशास्त्रज्ञ एलिनॉर रॉश यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनाने अर्थवर्गांच्या सीमा धूसर असून काही सदस्य इतरांपेक्षा अधिक प्रातिनिधिक असतात, हे दाखवून आवश्यक व पुरेशा घटकांच्या यादीलाच आव्हान दिले. याउलट भाषावैज्ञानिक अ‍ॅना विझ्बित्स्का यांनी ‘मी’, ‘कर’, ‘चांगला’ यांसारख्या, आणखी फोड न होणाऱ्या सुमारे ६५ सार्वत्रिक अर्थमूलकांचा शोध घेत मूळ कल्पना वेगळ्या मार्गाने पुढे नेली.