बोमोहच्या पाण्यात काही नसतं, पण पुडीत?

मलेशियात पारंपरिक मांत्रिक-वैदूला ‘बोमोह’ म्हणतात, आणि कुराणातल्या आयती, म्हणजे वचनं, म्हणून फुंकर मारलेल्या पाण्याला ‘आयर जाम्पी’, नाहीतर ‘आयर पेनावार’. कुराणातल्या यासीन या सूरेचं (अध्यायाचं) पठण चालू असताना समोर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि त्यांची झाकणं आवर्जून उघडी ठेवलेली, म्हणजे पठण आत पोचावं. श्रद्धा म्हणून कुणी ते पाणी प्यायलं तर आपलं काहीच म्हणणं नाही, आपल्याकडे तीर्थ घेतातच की. प्रश्न येतो तो हे पाणी ‘सायंटिफिक’ म्हणून विकायला लागले की.

मग हमखास निघतात जपानच्या मासारू इमोटोंचे फोटो, चांगले शब्द ऐकवले की पाण्याचे स्फटिक सुंदर होतात वगैरे. अहो, स्फटिक कसा बनणार ते तापमान आणि आर्द्रतेवर ठरतं, आणि कुठला फोटो छापायचा ते फोटोवाल्यांवर! पाण्याच्या रेणूंमधले बंध सारखे तुटत-जुळत असतात, २००५ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या प्रयोगात दिसलं की द्रव पाणी आपली रचना ५० फेम्टोसेकंदांच्या आत विसरतं, म्हणजे सेकंदाचे हजार अब्ज तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याचा विसावा भाग. आयत म्हणून संपायच्या आधीच सगळं पुसलेलं.

तरी लोकांना गुण येतो, आणि ते खोटं बोलत नसतात. गाऊट या सांध्यांच्या आजाराचंच घ्या, अंगठा सुजून लाल, चादरसुद्धा सहन होत नाही, अशा वेळीच माणूस बोमोहकडे धाव घेतो आणि गाऊटचा अटॅक तसाही आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. क्रेडिट पाण्याला. पण स्तनातली गाठ अशी ओसरत नाही, आधी पारंपरिक उपचार करत बसल्याने बायका उशिरा हॉस्पिटलात पोचतात हे मलेशियातल्या डॉक्टरांनी अभ्यासात नोंदवलंय.

मला मात्र पाण्यापेक्षा पुडीची जास्त भीती वाटते. सांधेदुखीची जामू, म्हणजे जडीबुटीची पुडी, किंवा ‘शंभर टक्के हर्बल’ गोळी दोन दिवसांत चमत्कार करत असेल तर संशय तिथेच घ्यावा, कारण अशा मालात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मलेशियाच्या औषध नियामक संस्थेला, एनपीआरएला, वारंवार सापडलंय, आणि पुरुषांच्या ताकदीच्या कॉफीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. स्टेरॉइडने सूज उतरते हे खरंच, म्हणून तर गिऱ्हाईक परत येतं. काही महिन्यांत चेहरा गोल व्हायला लागतो, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. मग एक दिवस कुणीतरी सांगतं की फेकून दे ती पुडी, आणि पेशंट लगेच बंद करतो, ते तर फारच डेंजर: उलट्या, बीपी खाली, कधी जिवावरही बेततं. म्हणून अशी पुडी बरेच दिवस खाल्ली असेल तर ती घेऊनच डॉक्टरकडे जायचं, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

मलेशियात नोंदणी झालेल्या पारंपरिक औषधावर ‘एमएएल’ने (MAL) सुरू होणारा आणि आकड्यांनंतर ‘टी’ (T) असलेला नंबर असतो. नोंदणीसाठी जड धातू, जंतू, भेसळ यांची तपासणी होते, औषध खरंच लागू पडतं का याची क्लिनिकल परीक्षा झालेली असेलच असं नाही. आणि नंबर मिळाल्यानंतर भेसळ सापडून नोंदणी रद्द झालेला मालही आहे.