भराव टाकण्याआधी आम्हाला बोलवा

लेआउट, गोडाऊन, शेड किंवा घरासाठी जागा घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही बांधकामाआधी जमीन आणि माती तपासून देतो. जागा पाहायला या म्हणून फोन येतो, आम्ही जातो, आणि बहुतेक वेळा जागा दिसतच नाही. दिसतो तो मुरूम. जेसीबी चालून गेलेला असतो, डंपर रिकामे झालेले असतात, प्लॉट रस्त्याच्या लेव्हलला आलेला असतो आणि मालक कौतुकाने सांगतात, "भाऊ, तुमच्यासाठी सगळं साफ करून ठेवलंय."

त्या साफसफाईमुळेच आमचं एका दिवसाचं काम आठवड्यावर जातं आणि तुमचं बिल वाढतं. दर मोसमात तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून हे छापलं.

जागा बांधकामाला योग्य आहे का, हे ठरवताना पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, खाली कोणती माती किती खोल आहे, आणि आधी कोणी तिथे काय खोदलं-बुजवलं हे आम्ही पाहतो. यातलं निम्मं उत्तर मोकळ्या जमिनीवर उघड लिहिलेलं असतं. शेताच्या एका कोपऱ्यात लवण असतं. बांधावरच्या बाभळीच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर काडीकचरा आणि प्लास्टिक अडकलेलं असतं. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते तिथेच कळतं. बेशरम आणि लव्हाळा दाटीने वाढलेला असेल तर तिथे पाणी साचतं. मे महिन्यातल्या भेगांत काठी घातली की काळी माती किती जोरकस आहे याचा अंदाज येतो. वीटभट्टीचे जुने खड्डे, बुजवलेली विहीर, गाळाने भरलेली मुरमाची खदान यांची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची दिसते. यावर चार फूट मुरूम पडला की हे सगळं गेलं.

मग आम्हाला भराव फोडून खाली जावं लागतं. सैल भरावात खड्ड्याच्या बाजू ढासळतात. बोअर घ्यायचा तर दगडगोट्यांत तो अडकतो, केसिंग घालावं लागतं. काही जण म्हणतात, ठोकून बघा की वरूनच. एसपीटी चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. भरावातल्या एखाद्या मोठ्या दगडावर ठोका बसला तर आकडा फुगतो आणि जमीन भक्कम असल्याचा भास होतो. तसा आकडा आम्ही रिपोर्टात लिहीत नाही. भराव असलेल्या जागेचं बिल जास्त का, याचं कारण एवढंच आहे. पैसे आधी सांगूनच घेतो.

"पण काळ्या मातीवर मुरूम टाकला की प्रश्नच मिटला ना?" हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. नाही मिटत. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. हलका, न दाबलेला मुरूम पाणी अडवत नाही, खाली जाऊ देतो. पाणी काळीपर्यंत पोहोचतं आणि तिथेच थांबतं. जोतं एका बाजूने उचललं जातं. ज्यांची घरं काळीवर आहेत त्यांना हे ठाऊक आहे: श्रावणात दार चौकटीत अडकतं, उन्हाळ्यात तेच दार खुळखुळतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. चीर बुजवून रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यानंतर ती परत दिसते.

आमच्या प्रयोगशाळेत याची एक साधी चाचणी होते. ग्राहकाला बघायची इच्छा असेल तर दाखवतो. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची, दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे, एक रॉकेल भरलेल्या काचेच्या मोजनळीत आणि एक ऊर्ध्वपातित पाण्याच्या नळीत टाकायचा. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून तुलनेला ते धरतात. एक दिवस तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी पाण्यातला थर रॉकेलमधल्या थरापेक्षा किती टक्के जास्त चढला ते वाचायचं. ५० टक्क्यांच्या आत असेल तर माती सौम्य, १०० च्या पुढे गेली तर पाया वेगळा विचार करून घ्यावा लागतो. "आज माती नेली, उद्या रिपोर्ट द्या" म्हणणाऱ्यांना सांगायचं एवढंच, की ही एक चाचणीच एक दिवस खाते आणि बाकीच्या तिच्या मागे रांगेत असतात.

उपाय आहेत. पाया ओलाव्याच्या चढउताराच्या खाली नेता येतो. काळ्या मातीत हा पट्टा साधारण साडेतीन मीटरपर्यंत धरतात. हलक्या बांधकामाला खाली फुगीर गोळा असलेले अंडर-रीम्ड पाइल चालतात. तिसरा मार्ग आयआयटी मुंबईच्या प्रा. काट्टींच्या संशोधनातून आलेला, सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) थराचा: काळी माती ठरलेल्या खोलीपर्यंत काढायची आणि तिच्या जागी न फुगणारी पण चिकटपणा असलेली माती थराथराने रोलर फिरवून दाबायची. ग्राहक म्हणतात, "मग आम्ही तेच केलं की!" तेच नाही. त्यांनी काळी तशीच ठेवून, गवतासकट, वरून डंपर उलटवलेले असतात. आणि मिळेल तो मुरूम सीएनएसला चालत नाही, तोही तपासावा लागतो.

आपल्या खानदेशात एका गावाचा अंदाज दुसऱ्या गावाला लावू नका. साक्री-धुळ्याकडे बऱ्याच ठिकाणी थोड्या खोलीवर बेसॉल्ट लागतो. तापीच्या काठाला, भुसावळपासून अमळनेर-शिरपूरपर्यंत, गाळाचे थर इतके खोल आहेत की मुरूम लागण्याची वाट पाहत बसू नये. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याकडे, फसवणूक वेगळ्या प्रकारची होते. तिथे डोंगरातून वाहून आलेले मोठे धोंडे मातीत पुरलेले आहेत. बोअर एका धोंड्यावर आपटतो, मशीनवाला "खडक लागला" म्हणून पैसे घेऊन निघून जातो, आणि धोंड्याखाली पुन्हा मातीच असते. म्हणून आम्ही खडक लागल्यावरही आणखी खाली जातो आणि एकाऐवजी निदान तीन ठिकाणी बघतो. लोकांना वाटतं, बिल वाढवायला.

पुराबद्दल. नदीकाठच्या जमिनीला निळी आणि लाल रेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी मिळत नाही, आणि भराव घालून प्लॉट रेषेबाहेर काढता येतो हा समज चुकीचा आहे. तुमच्या भरावाने पाणी फक्त शेजाऱ्याकडे ढकललं जातं. "आमच्या आजोबांच्या काळापासून इथे पाणी नाही आलं" हेही आम्ही ऐकून घेतो. पण १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती जवळजवळ २६ टक्क्यांवर जाते. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना काय होतं हे वेगळं सांगायला नको. आणि छोट्या नद्यांना कमी लेखू नका: ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नद्यांनी शहरात पाणी घातलं.

भूकंपाचं थोडक्यात: २०१६ च्या भारतीय मानकाच्या नकाशात आपला भाग झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि १९३८ साली सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. इंजिनिअर तसं डिझाइन करतोच. नदीकाठची ओली, सैल वाळू भूकंपात धोक्याची ठरते, ती असेल तर आम्ही त्याला तसं कळवतो.

आणखी एक विनंती. शेतीसाठी माती तपासायला नेतात तशी पिशवीत वरची माती आणू नका. त्यातून नत्र-स्फुरद-पालाश कळेल, पायाचं काही कळणार नाही. नमुना आम्हीच खोलीवरून घेतो.

बोलावण्याआधी सातबारा पाहून ठेवा. पोटखराबा वर्ग 'ब' असेल तर जमिनीतून नाला, रस्ता किंवा तलाव गेलेला असण्याची दाट शक्यता असते, आणि तो इसार देण्यापूर्वी कळलेला बरा. गाव नकाशाची प्रत आणि गट नंबर द्या. जुनी उपग्रह चित्रं आम्ही काढून ठेवतो, त्यात बुजवलेले नाले दिसतात. जागा पाहायला एप्रिल-मे उत्तम. इसार पावतीच्या आधीची पाहणी आम्ही वेगळी, कमी पैशांत करतो, आणि नंतर पूर्ण तपासणी करवलीत तर ती रक्कम वजा होते.

भराव आधीच पडला असेल तर लपवू नका, खड्डा घेतला की कळतंच. डंपरच्या पावत्या, भरावाआधीचे मोबाइलमधले फोटो आणि एक दिवस जेसीबी तयार ठेवा. जमतंय तर मागचा शेतमालक किंवा त्याचा जुना सालदार त्या दिवशी जागेवर बोलवा. विहीर कुठे होती, मोट कुठून चालायची, पाणी कुठून काढून द्यायचे, हे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि आमचा निम्मा दिवस वाचतो.