युरोपचा ‘पूर्व’ कुठे सुरू होतो? देशांच्या वर्गवारीमागचा इतिहास

प्राग शहर व्हिएन्नाच्या पश्चिमेला आहे. प्रागचे रेखांश साधारण १४.४ अंश पूर्व, व्हिएन्नाचे १६.४ अंश पूर्व. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी यादीत चेकिया ‘पूर्व युरोपा’त आहे आणि ऑस्ट्रिया ‘पश्चिम युरोपा’त. अथेन्स तर या दोन्ही शहरांच्या कितीतरी पूर्वेला, पण शीतयुद्धाच्या काळात ग्रीस कायम पश्चिम गोटातच धरला गेला. नकाशावरची दिशा वाटणारी ही नावे मुळात हिशेबाच्या सोयीसाठी पडली आहेत. मदत कोणाला द्यायची, आकडे कोणत्या रकान्यात मांडायचे, निधी कोणत्या जिल्ह्याला मिळणार, अशा एकेका कामासाठी एकेक यादी तयार झाली. ते मूळ काम विसरून यादी वापरली की घोटाळा होतो.

युरोप आणि आशिया यांची सीमाही फार जुनी नाही. प्राचीन ग्रीक भूगोलकार ती डॉन नदीवर मानत. उरल पर्वताची सीमा अठराव्या शतकात रूढ झाली. रशिया आणि स्वीडन यांच्यातल्या पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियाच्या कैदेत पडलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग याने १७३० मध्ये ती मांडली. रशियन विद्वान तातिश्चेव यानेही त्याच सुमारास हीच रेषा धरली. त्यामुळे रशियाचा मोठा भाग युरोपात आला. आज आकडेवारीत अख्खा रशिया, अगदी व्लादिवोस्तोकसह, ‘पूर्व युरोपा’त मोजतात, कारण देशाचे आकडे तोडून दोन खंडांत वाटता येत नाहीत.

आजच्या पूर्व-पश्चिम विभागणीचा खरा पाया १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत पडला, आणि तो पैशाने पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल मदत योजनेच्या पॅरिस परिषदेचे आमंत्रण चेकोस्लोव्हाकियाने जुलै १९४७ मध्ये आधी स्वीकारले आणि मॉस्कोच्या दबावामुळे काही दिवसांतच नाकारले. फिनलंडही बाहेर राहिला. ज्यांनी मदत घेतली त्यांची संघटना एप्रिल १९४८ मध्ये उभी राहिली. तिचेच पुढे १९६१ मध्ये ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) झाले. जानेवारी १९४९ मध्ये सोव्हिएत बाजूने ‘कोमेकॉन’ ही साम्यवादी देशांची आर्थिक संघटना स्थापन केली. तुर्कस्तान आणि आइसलंड पहिल्या यादीत, प्राग दुसऱ्या. चेकियाची दिशा ठरली ती अशी.

युगोस्लाव्हिया मात्र कोणत्याच रकान्यात बसेना. १९४८ मध्ये स्टालिनशी फाटल्यावर तो सोव्हिएत गोटातून बाहेर पडला. १९६१ ची अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडमध्येच झाली आणि तिला पंडित नेहरू उपस्थित होते. १९६४ मध्ये विकसनशील देशांचा ‘७७ चा गट’ बनला तेव्हा युगोस्लाव्हिया त्यात होता. पुढे १९७६ मध्ये रोमानियाही गेला. ‘युरोप म्हणजे विकसित’ हे आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतले समीकरण इथेच मोडते. बोस्निया-हर्झगोविना आजही त्या गटाचा सदस्य आहे.

सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रादेशिक यादी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाची, ‘एम४९’ नावाची. तिच्यात युरोपचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाला तीन अंकी संकेतांक आहे: पूर्व १५१, उत्तर १५४, दक्षिण ०३९, पश्चिम १५५. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया उत्तरेत. आयर्लंड आणि ब्रिटनही उत्तरेतच. सायप्रस युरोपीय संघात असूनही या यादीत पश्चिम आशियात आहे. ही विभागणी केवळ सांख्यिकी सोयीसाठी आहे, राजकीय संलग्नतेशी तिचा संबंध नाही, असे विभागानेच स्पष्ट लिहिले आहे. संयुक्त राष्ट्रांतल्या जागावाटपासाठी वेगळे प्रादेशिक गट आहेत आणि त्यांत एस्टोनिया ‘पूर्व युरोपीय गटा’त मोडतो. एकाच संस्थेच्या दोन याद्या, एकाच देशाच्या दोन दिशा.

या एम४९ मध्ये ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ हा भेद १९९६ मध्ये आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये काढून टाकला गेला. त्याच्या जोडीला एक टीप असे: व्यापाराच्या आकडेवारीत माजी युगोस्लाव्हियातून निघालेले देश विकसनशील धरले जातात, तर पूर्व युरोपातले देश दोन्हींपैकी कशातच धरले जात नाहीत. तक्ते जुळवताना बेरीज का जमत नाही, हे शोधणाऱ्याने आधी ही टीप वाचावी.

जागतिक बँकेची पद्धत वेगळी आहे आणि निदान तिचा नियम उघड आहे. दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्न डॉलरमध्ये काढायचे, विनिमय दरातले चढउतार तीन वर्षांच्या सरासरीने सौम्य करायचे आणि दरवर्षी १ जुलैला देशांना चार गटांत टाकायचे. जुलै २०२४ मध्ये उच्च उत्पन्नाची रेषा १४,००५ डॉलर होती. त्या दिवशी बल्गेरिया आणि रशिया रेषेच्या वर गेले, आणि युद्धाच्या झळा सोसणारा युक्रेन निम्न-मध्यममधून उच्च-मध्यम गटात चढला. कारण समजून घेण्यासारखे आहे. २०२३ मध्ये अर्थव्यवस्था थोडी सावरली हे खरे, पण आक्रमणानंतर लोकसंख्या १५ टक्क्यांहून अधिक घटली आणि किमतीही वाढल्या. छेद लहान झाला, अंश फुगला, दरडोई आकडा वर गेला. तिथल्या माणसाचे जगणे सुधारले असे या आकड्यावरून म्हणणे क्रूर ठरेल. रेषेच्या काठावर असलेल्या देशाचे काय होते ते रोमानियात दिसले: २०२० मध्ये उच्च गटात, २०२१ मध्ये खाली, २०२२ मध्ये पुन्हा वर.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची ‘प्रगत अर्थव्यवस्था’ ही यादी अशा एका रेषेवर चालत नाही. क्रोएशियाने १ जानेवारी २०२३ ला युरो स्वीकारला आणि त्याच वर्षी तो प्रगत यादीत आला. पोलंड जागतिक बँकेकडे उच्च उत्पन्नाचा, नाणेनिधीकडे मात्र ‘उदयोन्मुख’. शेअर बाजाराच्या निर्देशांकांचा न्याय आणखी निराळा. एमएससीआय या निर्देशांक काढणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये ग्रीसला विकसित बाजारांतून उदयोन्मुख बाजारांत उतरवले, तर तशाच एफटीएसई रसेल या कंपनीने २०१८ मध्ये पोलंडला विकसित बाजारात घेतले.

वर्गवारीवर थेट पैसा ठरतो तो युरोपीय संघात. तिथे एकक देश नाही, ‘नट्स २’ नावाचा प्रदेश आहे, साधारण ८ लाख ते ३० लाख वस्तीचा. प्रदेशाचे दरडोई उत्पादन, स्थानिक किमतींचा फरक काढून, संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तो ‘कमी विकसित’. २०२१ ते २०२७ या काळात ७५ ते १०० टक्के म्हणजे ‘संक्रमणशील’ आणि त्यावर ‘अधिक विकसित’. कमी विकसित प्रदेशात प्रकल्पखर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग संघ उचलतो, अधिक विकसित प्रदेशात ४० टक्क्यांपर्यंत. एवढ्या फरकामुळे सीमा कुठे आखली हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. हंगेरीत बुडापेस्ट आणि भोवतालचा पेश्त जिल्हा मिळून एकच प्रदेश होता. राजधानीच्या श्रीमंतीने सरासरी वर जाई आणि पेश्तची गावे निधीच्या मोठ्या वाट्याला मुकत. शिवाय पेश्तमधले लोक कामाला बुडापेस्टला जात. त्यांचे उत्पादन शहराच्या नावे जमा होई, माथी मात्र पेश्तमध्ये मोजली जात. २०१८ पासून दोन्ही वेगळे झाले आणि पेश्त कमी विकसित यादीत आला. पोलंडनेही वॉर्सा असेच वेगळे काढले.

उलटा धक्का २००४ मध्ये बसला होता. दहा नवे, बहुतेक गरीब देश आल्याने संघाची सरासरीच घसरली आणि जुन्या देशांतले काही प्रदेश एक पैसाही न वाढता ७५ टक्क्यांच्या वर गेले. त्यांच्यासाठी मदत एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय करावी लागली.

दरडोई उत्पादन हा आकडाच किती फसवू शकतो हे आयर्लंडने दाखवले. २०१५ चे उत्पादन २६ टक्क्यांनी वाढल्याचे जुलै २०१६ मध्ये जाहीर झाले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदेसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. कारखाने रातोरात उभे राहिले नव्हते. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ पासून असे परिणाम वगळणारे सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वेगळे काढायला सुरुवात केली. आयर्लंडची तुलना करताना तोच आकडा घ्यावा.

जुन्या वर्षांचे तक्ते जोडणाऱ्यांना एम४९ मधले देशांचे संकेतांक सर्वांत जास्त छळतात. पश्चिम जर्मनी २८०, पूर्व जर्मनी २७८ आणि एकत्र आल्यावर २७६. चेकोस्लोव्हाकिया २००, त्यातून चेकिया २०३ आणि स्लोव्हाकिया ७०३. कोसोव्हो एम४९ मध्ये नाहीच. जागतिक बँक त्याला ‘एक्सकेएक्स’ असा अक्षरी संकेत देते, म्हणून अंकांवर तक्ते जुळवले की तो गळतो. आणि एक्सेलमध्ये रकाना ‘मजकूर’ म्हणून आधी ठरवला नाही तर दक्षिण युरोपच्या ०३९ मधले शून्य उडते, उरतात ३९, आणि जुळणीत स्पेनपासून सर्बियापर्यंतचे सगळे देश प्रदेशाविना राहतात.