घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी डिस्प्ले आणि व्हिडिओ कार्ड : खरेदीपूर्वी वाचा

कॅबिनेटचं माप ठरलं, बटणं-जॉयस्टिक ठरल्या, की बहुतेक ग्राहक विचारतात, "कार्ड कोणतं घेऊ?" आमचा आग्रह असा, की कार्ड सगळ्यात शेवटी घ्या. आधी कोणते गेम खेळणार ते ठरवा. त्यावरून स्क्रीन ठरते, आणि स्क्रीनवरून कार्ड. क्रम उलटा केला की महागडं कार्ड आणि ताणलेलं चित्र, दोन्ही पदरी पडतं.

उभे गेम, आडवे गेम

स्पेस इन्व्हेडर्स (१९७८), पॅक-मॅन (१९८०), डाँकी काँग आणि गॅलागा (१९८१) हे सगळे उभ्या स्क्रीनचे गेम. पॅक-मॅनचं चित्र २२४ पिक्सेल रुंद आणि २८८ पिक्सेल उंच. आपल्याकडे पार्लरमध्ये ज्याच्यापुढे रांग लागायची तो 'मुस्तफा', म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स (१९९३), आणि स्ट्रीट फायटर टू (१९९१) हे मात्र आडवे, ३८४ × २२४ पिक्सेलचे.

इथे एक चूक हमखास होते. ३८४ ला २२४ ने भागलं तर १.७१ येतं, म्हणून लोकांना वाटतं की हा गेम १६:९ च्या रुंद स्क्रीनसाठीच केलाय. तसं नाही. मूळ गेम ४:३ च्या पिक्चर ट्यूबवर चालायचा आणि त्याचे पिक्सेल चौकोनी नव्हते, थोडे अरुंद आणि उंच होते. तोच गेम पूर्ण रुंद स्क्रीनवर पसरवला की मुस्तफा जाडा दिसतो आणि गाडीची चाकं लंबगोल होतात. एम्युलेटरमध्ये (जुने गेम पीसीवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ४:३ चं प्रमाण कायम ठेवा आणि दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. त्या पट्टीवर आम्ही काळ्या कार्डशीटची चौकट कापून देतो.

इंचांचा हिशोब

बॉक्सवरचे इंच कर्णाचे आणि १६:९ चे असतात. ४:३ चा गेम त्यात किती मोठा दिसेल, हे काढायला त्या आकड्याला ०.८१७ ने गुणा. २४ इंची मॉनिटरवर तो १९.६ इंचाचा दिसतो, २७ इंचीवर २२ इंचाचा, ३२ इंचीवर २६ इंचाचा. उभा गेम आडव्या मॉनिटरवर लावला तर गुणक ०.६१३ होतो, म्हणजे २७ इंची मॉनिटरवर पॅक-मॅन जेमतेम साडेसोळा इंचाचा. तोच मॉनिटर उभा बसवला की पॅक-मॅन २२ इंचाचा होतो, पण मग मुस्तफा साडेसोळावर येतो. ज्यांच्या यादीत दोन्ही प्रकारचे गेम निम्मे-निम्मे आहेत, त्यांनी फिरणारा माउंट घ्यावा किंवा ३२ इंची आडवी स्क्रीन. बाकीच्यांनी एक बाजू निवडावी.

मोठी स्क्रीन मागण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी मोजा. बाहेरून २४ इंच, म्हणजे ६१० मिमी असलेल्या कॅबिनेटमधून १८ मिमी प्लायच्या दोन बाजू वजा केल्या की आत ५७४ मिमी उरतात. २७ इंची मॉनिटरची नुसती काचच ५९८ मिमी रुंद असते. तो आडवा मावत नाही, उभा मात्र आरामात बसतो. अशा कॅबिनेटमध्ये आडवा बसवायचा तर २४ इंचीच.

ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर अजून मिळतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पासोड्या विठोबाच्या बाजूला शोधलं तर २० इंची, १६०० × १२०० चा खरा ४:३ मॉनिटर कधी कधी हाती लागतो. तो सोडू नका. त्यावरचा गेम नव्या २४ इंची रुंद मॉनिटरपेक्षा किंचित मोठा दिसतो, आणि २४० ओळींचा गेम बरोबर पाच पटींत बसतो. १९ इंची १२८० × १०२४ चे मॉनिटर ५:४ चे असतात. त्यावर १२८० × ९६० चं चित्र घ्या, वर-खाली ३२-३२ ओळींची काळी पट्टी राहील. जुन्या मॉनिटरला एचडीएमआय नसतं, पण डीव्हीआय असेल तर साधी एचडीएमआय-डीव्हीआय केबल चालते, वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. विकत घेताना मॉनिटर दहा मिनिटं चालू ठेवून पाहा. जुना बॅकलाइट थकलेला असेल तर चित्र पिवळट किंवा गुलाबी पडतं.

नवा घ्यायचा तर आमची पसंती २७ इंची, २५६० × १४४० ची. कारण साधं आहे: २४० गुणिले ६ बरोबर १४४० आणि २८८ गुणिले ५ बरोबर १४४०. १०८० ओळींत २४० चे साडेचार पट होतात, त्यामुळे काही ओळी जाड तर काही बारीक दिसतात, आणि स्कॅनलाइनचा (पिक्चर ट्यूबसारख्या बारीक काळ्या रेषांचा) इफेक्ट लावला की ते अधिकच डोळ्यांत येतं. ४के मध्ये २४० नऊ पटींत बसतात, चित्र सुंदर दिसतं, पण कार्डावरचा भार वाढतो.

पॅनेल आयपीएसच घ्या. कॅबिनेटमध्ये स्क्रीन मागे कललेली असते आणि खेळणारा उभा राहून वरून पाहतो. टीएन पॅनेल अशा कोनातून फिकं किंवा काळपट दिसतं. तेच टीएन उभं बसवलं तर डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळी छटा दिसते आणि थोड्या वेळात डोकं चढतं. व्हीए पॅनेलचा काळा रंग छान असतो, पण गडद पार्श्वभूमी सरकताना मागे छाया ओढली जाते. ओएलईडी आम्ही कॅबिनेटसाठी सुचवत नाही. स्कोअरची ओळ तासन्‌तास एकाच जागी असते, तिचा डाग कायमचा राहू शकतो.

टीव्ही वापरणार असाल तर तीन सेटिंग पहिल्याच दिवशी बदला: गेम मोड चालू करा, चित्र कडांना कापलं जात असेल तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' लावा, आणि काळा रंग राखाडी दिसत असेल तर कार्डाच्या सेटिंगमधली आरजीबी रेंज टीव्हीशी जुळवा. गेम मोडशिवाय बटण दाबणं आणि उडी यांत एवढा उशीर पडतो की स्ट्रीट फायटर खेळण्यात अर्थ राहत नाही.

६० हर्ट्झ म्हणजे नेमके ६० नव्हेत

हा भाग लोक सोडून देतात आणि मग "गेम अडखळतोय, कार्ड कमी पडतंय का?" असा फोन येतो. कार्ड कमी पडत नसतं. जुन्या गेमबोर्डांचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नवं होतं तो आकडा, एकसारखा नव्हता. निओ जिओ ५९.१८ हर्ट्झ, आर-टाइप (१९८७) ५५, मॉर्टल कॉम्बॅट (१९९२) ५४.७. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर मॉर्टल कॉम्बॅट मूळ वेगाने चालवला, तर दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात, आणि हालचाल धक्के खात होते. ओढूनताणून ६० वर नेला, तर गेम जवळजवळ १० टक्के जास्त वेगाने पळतो आणि आवाजही चढतो. निओ जिओत हाच धक्का साधारण सव्वा सेकंदाने एकदा बसतो, मेटल स्लगसारख्या सरकत्या गेममध्ये तो कळतो.

उपाय म्हणजे फ्रीसिंकचा, म्हणजे गेमप्रमाणे आपला रिफ्रेश बदलणारा मॉनिटर. त्याची रेंज ४८ हर्ट्झपासून सुरू होते ना, एवढं स्पेसिफिकेशनमध्ये पाहा. स्वस्तातला ४८ ते ७५ चा मॉनिटरही या कामाला पुरतो, १४४ हर्ट्झचा हट्ट नको. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेपासून पुढची कार्डं फ्रीसिंक मॉनिटर चालवतात, मात्र डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये 'सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट' चालू करा. मेम (MAME) या एम्युलेटरमध्ये 'सिंक रिफ्रेश' बंद ठेवा, नाहीतर तो गेमला मॉनिटरच्या वेगाने पळवतो आणि सगळा खर्च वाया.

पिक्चर ट्यूब हवीच असेल तर

खऱ्या सीआरटीची (पिक्चर ट्यूबची) चमक कोणत्याच फिल्टरला येत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण हे काम नीट समजून करायचं आहे. आर्केडचा सीआरटी आणि जुना टीव्ही साधारण १५.७ किलोहर्ट्झवर चालतात: २६२ ओळी गुणिले ६० बरोबर १५,७२०. पीसी मात्र सुरू होतानाच ३१.५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो. तो १५ किलोहर्ट्झच्या मॉनिटरला गेला तर चित्र दुहेरी होतं, बारीक शिट्टी ऐकू येते आणि तसंच चालू ठेवलं तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून मॉनिटरचा स्विच वेगळा ठेवा आणि विंडोज पूर्ण उघडून १५ किलोहर्ट्झचा मोड लागल्यावरच तो चालू करा. जे-पॅकसारखा बोर्ड लावला तर तो जास्तीचा सिग्नल अडवतोही आणि व्हिडिओ वाढवूनही देतो. पीसीचा व्हिडिओ ०.७ व्होल्टचा असतो, आर्केड चासीला (ट्यूब चालवणाऱ्या सर्किट बोर्डाला) त्याहून बराच जास्त लागतो, त्यामुळे अॅम्प्लिफायरशिवाय चित्र अंधारं येतं.

यासाठी कार्ड जुनंच लागतं, कारण अॅनालॉग आउटपुट हवा. एनव्हिडियात जीटीएक्स ९०० मालिका ही शेवटची, जीटीएक्स १० मध्ये तो नाही. रेडिऑनमध्ये आरएक्स ४०० पासून पुढे नाही. कार्ड हातात घेऊन डीव्हीआयचं सॉकेट पाहा: आडव्या चपट्या फटीच्या वर दोन आणि खाली दोन अशी चार बारीक भोकं असतील तर ते डीव्हीआय-आय, त्यातून अॅनालॉग मिळतो. नुसती फट असेल तर डीव्हीआय-डी, इथे निरुपयोगी. आम्ही रेडिऑन एचडी ५४५० किंवा ६४५० सुचवतो. दोन्ही छोटी आहेत, कमी वीज खातात आणि सीआरटी एमूड्रायव्हर या १५ किलोहर्ट्झच्या ड्रायव्हरवर चालतात. त्याच्या जोडीला ग्रूव्हीमेम (सीआरटीसाठी केलेलं मेम) बसवलं की प्रत्येक गेमचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश आपोआप लागतो.

घरचा २१ किंवा २९ इंची जुना टीव्ही वापरायचा तर त्याच्या मागे हिरवी, निळी, लाल अशी तीन व्हिडिओ सॉकेट आहेत का पाहा. ती कंपोनंट इनपुटची असतात, पीसीचे आरजीबी थेट जोडले तर चित्र जमत नाही. मध्ये फ्रिक्वेन्सी न बदलणारा आरजीबी-कंपोनंट ट्रान्सकोडर लागतो. 'व्हीजीए टू एव्ही' नावाने मिळणारे स्वस्त डबे घेऊ नका, ते चित्राचं माप बदलून ते थरथरतं करतात आणि उशीरही वाढवतात. ज्या सीआरटी टीव्हीवर '१०० हर्ट्झ' लिहिलंय तोही टाळा, त्याच्या आतली डिजिटल प्रक्रिया २४० ओळींच्या चित्राचं वाटोळं करते.

सुरक्षेचं ठळकपणे सांगतो. ट्यूबच्या अॅनोडवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही शिल्लक राहतो. मागचं कव्हर स्वतः काढू नका, टीव्ही मेकॅनिककडूनच काढून घ्या. बऱ्याच आयात आर्केड चासी १०० ते १२० व्होल्टच्या असतात आणि त्यांना व्होल्टेज उतरवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, थेट आपल्या २३० व्होल्टवर लावल्या तर क्षणात संपतात. ट्यूबशेजारी शिल्ड नसलेला स्पीकर बसवला की कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग येतो. ट्यूब उभी फिरवल्यावरही तसाच डाग येतो, तेव्हा डीगॉस करावं, म्हणजे ट्यूबवर राहिलेलं चुंबकत्व घालवावं लागतं.

एलसीडीसाठी कार्ड किती मोठं?

बहुतेकांना वेगळं कार्ड लागतच नाही. मेमचा भार मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोअरवर पडतो. कार्ड फक्त चित्र मोठं करतं आणि शेडर (चित्राला पिक्चर ट्यूबसारखं रूप देणारा फिल्टर) लावतं. इंटेल यूएचडी ६३० किंवा रायझनचं वेगा ग्राफिक्स १०८० वर सीआरटी-जिओम हा शेडर सहज ओढतं. १४४० वर सीआरटी-रॉयालसारखा जड शेडर हवा असेल तर जीटीएक्स १६५० घ्या. तिची बरीच मॉडेल वेगळ्या पॉवर केबलशिवाय चालतात, त्यामुळे एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलावा लागत नाही. आरएक्स ६४०० चांगलं आहे, पण ते पीसीआयईच्या चारच लेन वापरतं, जुन्या मदरबोर्डावर मार खातं.

४के टीव्ही असेल तर आउटपुट तपासा. जीटी ७१० चा एचडीएमआय ४के वर फक्त ३० हर्ट्झ देतो. यूएचडी ६३० चंही बहुतेक मदरबोर्डांवर तेच, ६० साठी डिस्प्लेपोर्ट वापरावा लागतो. ३० हर्ट्झवर गेम खेळवत नाही. अशा वेळी टीव्ही १०८० वर चालवलेला बरा.

बसवताना

मॉनिटरच्या मागची भोकं ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिमीची असतात आणि स्क्रू एम४ लागतो. प्लेटची जाडी धरून लांबी घ्या, फार लांब स्क्रू पॅनेलपर्यंत पोहोचतो. कार्डाचा पंखा प्लायला चिकटू देऊ नका, खालून हवा आत आणि मागच्या बाजूने वर १२० मिमीचा पंखा बाहेर, अशी वाट ठेवा.

मॉनिटर कॅबिनेटमध्ये बंद करण्याआधी एक चाचणी कराच. तो चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद करा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करा. काही मॉनिटर आपणहून चालू होतात, काही बटण दाबण्याची वाट पाहत बसतात, आणि ते बटण आता बेझेलच्या (स्क्रीनभोवतीच्या चौकटीच्या) मागे असतं. स्मार्ट टीव्ही बऱ्याचदा होम स्क्रीनवर उघडतात, त्यात 'शेवटचा इनपुट' असा पर्याय शोधून लावा. पीसीच्या बायोसमध्येही वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग असतं, ते लावून घ्या.

आमच्याकडे येताना आवडीच्या पाच-सहा गेमची नावं, कॅबिनेटची आतली रुंदी, आणि जुना पीसी वापरणार असाल तर त्याच्या मागच्या सगळ्या सॉकेटचा एक स्पष्ट फोटो आणा. गेमच्या फायली आम्ही पुरवत नाही. मॉनिटर आणि कार्ड दुकानातच जोडून, तुमच्या यादीतला किमान एक उभा आणि एक आडवा गेम चालवून दाखवल्याशिवाय बिल करत नाही.