लोहगावचा डिसेंबर आणि विमानाखालची माणसे

पुण्याजवळच्या लोहगावचा हवाई तळ १९३९ चा. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी तो उभारला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात तिथे मॉस्किटो, वेलिंग्टन ही विमाने होती. १९७१ च्या युद्धात इथे ३५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने होती. कॅनबेराचे मुख्य काम रात्रीचे. त्यामुळे ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटल्यावर फिटर, आर्मरर (शस्त्रे-बॉम्ब सांभाळणारे), इलेक्ट्रिशियन या वायुसैनिकांची खरी पाळी अंधार पडल्यावर सुरू होऊ लागली.

पुण्याची थंडी म्हणजे काही लेहची थंडी नव्हे. डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ अंशांवर आणि दुपारी ३० च्या आसपास. त्रास होतो तो या फरकाचा.

सगळ्यात जपायचे ते इंधन. उंचावरून आलेल्या विमानाच्या टाक्या गारठलेल्या असतात. खाली येताना त्यांत दमट हवा शिरते आणि पत्र्याला लागून तिचे पाणी होते. म्हणून विमान उतरले की टाक्या भरून ठेवायच्या, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. इंधन गार होते तसे त्यात विरघळलेले पाणीही सुटे होते आणि जड असल्याने तळाशी बसते. तळाचा ड्रेन उघडून थोडे इंधन काचेच्या बरणीत घ्यायचे: तळाशी थेंब दिसले तर ते स्वच्छ येईपर्यंत काढत राहायचे. भरल्या भरल्या नमुना घेण्यात अर्थ नाही. पाणी अजून तरंगत असते. हेच पाणी उंचीवर गोठले की फिल्टर तुंबतो.

टायरचेही तसेच. तापमान १८ अंशांनी उतरले की आतला दाब साधारण ६ टक्क्यांनी घटतो. उतरल्यावर चाके तापलेली असताना दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडली, तर पहाटे टायर हमखास कमी भरतो.

ब्लॅकआउटमध्ये बॅटरीला लाल कागद लावला की डोळे अंधाराला सरावलेले राहतात, पण हायड्रॉलिकचे तेलही लालच. पांढुरक्या पत्र्यावरची गळती त्या उजेडात दिसत नाही, जोडांवरून बोट फिरवूनच पाहावे लागते. उघड्यावर पेटीतला एखादा पाना मोजणीत कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचे नाही. इंजिनाने ओढून घेतला तर पाती गेलीच.

थंडीत हात फुटतात, ओठ उलतात आणि माणूस सहज व्हॅसलीन किंवा खोबरेल लावतो. ऑक्सिजन भरणाऱ्याला ते वर्ज्य. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाचा बोटभर डाग आला तरी आग लागू शकते. हात साबणाने धुवायचे, तेलकट जर्सी बदलायची, मगच नळीला हात लावायचा.

हे सगळे झाले की फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, ज्याच्या त्याच्या कामापुढे ज्याची त्याची सही. ती वाचून वैमानिक शेवटी आपली सही करतो, आणि त्यानंतरच विमान त्याच्या ताब्यात जाते.