गुंतवून ठेवणं आणि रमणं

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाच्या घरी पाहुणे आले की एक सल्ला हमखास मिळतो: "त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा." मीही तो मनापासून पाळला. वडिलांसाठी रंग भरायची पुस्तकं आणली, मोठ्या तुकड्यांचं कोडं आणलं, दिवसभर टीव्ही लावून ठेवला. ते बसायचे. दहा मिनिटांनी खडू खाली ठेवून विचारायचे, "झालं का? निघू का मी?" हा प्रश्न नेमकं काय सांगतोय ते कळायला मला काही महिने लागले. बाबा गुंतले होते, पण रमले नव्हते.

लांबून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. माणूस खुर्चीत शांत बसलाय, हात चालू आहेत, घरच्यांना जरा उसंत मिळालीय. पण गुंतवून ठेवताना गरज आपली असते. यांनी उठू नये, दाराची कडी काढू नये, तोच प्रश्न विसाव्यांदा विचारू नये, एवढंच आपल्याला हवं असतं. रमताना त्या माणसाची स्वतःची गरज भागत असते. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ साली आपल्या पुस्तकात अशा माणसाच्या मानसिक गरजा फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडल्या. दिलासा, जिव्हाळ्याचं नातं, चारचौघांत सामावून घेतलं जाणं, काम आणि स्वतःची ओळख, आणि मधोमध प्रेम. 'काम' या पाकळीचं मला विशेष वाटतं. स्मृती गेली तरी 'माझ्या हातून काहीतरी व्हावं' ही भूक जात नाही.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. एका दुपारी मी सुट्ट्या नाण्यांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाबा, दूधवाल्याला पैसे द्यायचेत, जरा हिशोब लावून देता?" त्यांनी चष्मा पुसला. एकाची, दोनाची, पाचाची वेगवेगळी चळत लावली, बोटाने प्रत्येक चळत सरळ केली आणि दोनदा मोजली. पाऊण तास गेला. "झालं का" हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. सकाळी चहा घेतला की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण बोटांना नाणी बरोबर ओळखू येत होती.

यामागे मेंदूचं कारण आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नव्या घटना साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर खराब होतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली कामं मुख्यतः मेंदूतल्या दुसऱ्या भागांच्या आधाराने चालतात, आणि ते भाग तुलनेने जास्त काळ तग धरतात. म्हणून नवं कोडं जड जातं, पण घड्या घालणं, शेंगा सोलणं किंवा सुटे पैसे मोजणं जमतं.

आणखी एक फरक माझ्या लक्षात आला. रंगवलेल्या पानाची कुणीच वाट पाहत नव्हतं. नाण्यांची दूधवाला पाहत होता, आणि तो खरोखर येणार होता. म्हाताऱ्या माणसाला खोटं काम दिलेलं कळतं. निवडलेली मेथी रात्री ताटात आलीच पाहिजे.

पण म्हणून सगळ्या आज्यांपुढे मेथीची जुडी ठेवायची का? इथेच बहुतेकांची चूक होते. माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्वयंपाकघर तिने आयुष्यभर होता होईल तेवढं टाळलं. ती ज्या दिवसभराच्या केंद्रात जायची तिथे तिला रोज मटार सोलायला किंवा वाती वळायला देत. ती ताट ढकलून द्यायची, आणि तिच्या नोंदवहीत 'सहकार्य करत नाही' असं लिहिलं जायचं. बाई आहे, वय झालंय, म्हणजे वाती वळणारच, असं धरून चाललं होतं. तिला जुना डायलचा फोन आणि नंबरांची वही दिल्यावर ती ताठ बसली.

माहिती असणं आणि माणूस ठाऊक असणं यातही असाच घोटाळा होतो. फॉर्मवर 'आवड: भजन' असं लिहिता येतं. पण त्याला काकड्याचे अभंग लागतात, संध्याकाळी तेच लावले तर तो अस्वस्थ होतो, आणि ऐकण्यापेक्षा हातात टाळ हवेत, हे सोबत राहिलेल्यालाच ठाऊक असतं. आणि हे ठाऊक असणं जुनं होऊ देऊन चालत नाही. उत्तम पेटी वाजवणाऱ्या माणसाला आपले चुकणारे सूर ऐकू येत असतील, तर पेटी समोर ठेवणं त्याला छळल्यासारखं होतं. त्याच्यासाठी दुसऱ्याने वाजवावं आणि त्याने ताल धरावा.

गुंतवून ठेवणं म्हणजे पाप, असं मात्र कुणी समजू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना घरचीच माणसं सांभाळतात. त्या माणसांना अंघोळ करायची असते, कुकर लावायचा असतो, कधी नुसतं पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. तेवढ्यासाठी टीव्ही लावावा, अपराधी वाटून घेऊ नये. फक्त दिवसात एखादा तास तरी रमण्याचा असावा, एवढंच मला वाटतं.

बाबांना आता नाणी मोजता येत नाहीत. एक आणि दोन रुपयांत गोंधळ होतो, चळत पडली की ते चिडतात, म्हणून डबा मी कपाटात ठेवून दिला. माळ्यावरून त्यांची जुनी चामडी पिशवी काढली आणि पट्ट्याला तेल लावून मऊ केला. चारच्या सुमारास ते येरझाऱ्या घालू लागले की ती त्यांच्या खांद्याला अडकवते. हात आपोआप पिशवीच्या तोंडाशी जातो, आणि खिडकीजवळ उभं राहून ते रस्त्याकडे बघत राहतात. कधीकधी म्हणतात, "पुढे सरका." मी एक पाऊल पुढे सरकते.