खासी टेकड्यांचा मोल: जात, उपजात, पुन्हा जात

मोल (mole) हा जमिनीखाली भुयारं खणणारा छोटा प्राणी महाराष्ट्रात नाही. भारतात तो सापडतो पूर्व हिमालयात आणि ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत. चिचुंद्रीचा दूरचा नातलग, मखमली केसांचा, फावड्यासारख्या पंजांचा. प्राणिशास्त्रज्ञ जर्डनने १८६७ मध्ये लिहून ठेवलंय की दार्जिलिंगच्या रस्त्यांना आणि पायवाटांना याची भुयारं जागोजागी छेदतात, एका ओकच्या बुंध्यापासून दुसऱ्याकडे जातात; पण युरोपातल्या मोलसारखे मातीचे ढीग मात्र तो वर टाकत नाही. ढीगच नाहीत म्हटल्यावर शोधणाराही सहज चकतो.

दप्तरी नोंद सुरू होते नेपाळमधून. काठमांडूचा ब्रिटिश रेसिडेंट हॉजसन याने १८४१ मध्ये तिथल्या आखूडशेपट्या मोलला टाल्पा मिक्र्युरा हे नाव दिलं. त्याच साली एडवर्ड ब्लाइथ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचा क्युरेटर झाला. तुटपुंज्या पगारावर वीसेक वर्षं राबलेल्या या माणसाने १८५० मध्ये खासी टेकड्यांतल्या चेरापुंजीच्या मोलला ल्युक्युरा, म्हणजे पांढऱ्या शेपटीचा, ठरवलं. सोसायटीचा संग्रह पुढे इंडियन म्युझियमकडे गेला.

शेपटीवरून जात ओळखणं तसं नाजूकच काम. कातडं वाळलं की मापं बदलतात, म्हणून ती ताज्या प्राण्यावरच घ्यायची असतात. ही शिस्त आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आणली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाने. १९११ मध्ये मिलर्ड यांच्या पुढाकाराने ते सुरू झालं, पहिला अहवाल खानदेशचा, आणि पुढे ते दार्जिलिंगपर्यंत पोचलं. नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख, नर की मादी, शरीर, शेपूट, मागचं पाऊल, कान. मोलला बाहेरचा कानच नसतो, तेव्हा शेवटच्या मापाचा प्रश्नच मिटला. कवटी वेगळी साफ करून त्याच क्रमांकाने ठेवायची. हॉजसनच्या काळच्या नुसत्या ‘नेपाळ’ एवढ्या नोंदीशेजारी ही चिठ्ठी ठेवून पाहा, फरक कळतो.

कवटी जपल्याचा उपयोग मोलच्या बाबतीत नेमका झाला. मिक्र्युराला ४४ दात, ल्युक्युराला ४२; वरच्या जबड्यातली उपदाढांची एक जोडी कमी. प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर गिलने १८७५ मध्येच ल्युक्युरासाठी पॅरास्कॅप्टर ही वेगळी प्रजाती (genus, म्हणजे जातीच्या वरची पायरी) मांडली होती. तरी १९५१ च्या एलरमन आणि मॉरिसन-स्कॉट यांच्या सस्तन प्राण्यांच्या यादीत तो मिक्र्युराची प्रादेशिक उपजात म्हणून आला. कमी नावांत जास्त प्राणी बसवण्याकडे त्या काळाचा कल होता. इथे तो जरा अतीच झाला, असं माझं मत. नंतरच्या याद्यांनी पॅरास्कॅप्टर ल्युक्युरा पुन्हा वेगळा काढला.

संग्रहात नमुना तोच राहतो, पण त्याचं नाव कोणत्या सालच्या यादीप्रमाणे लिहिलंय यावर त्याची नोंद कुठे सापडेल ते ठरतं. खासी किंवा नागा टेकड्यांतला मोल शोधायचा, तर मिक्र्युराच्या नावाखालच्या नोंदीही चाळाव्या लागतात, आणि शंका आली की कवटीचे दात मोजावे लागतात.